गाजरगवत उपटा, पण फुलण्याआधी!

पावसाळा मध्यावर आला, की गावोगावी गाजरगवत निर्मूलनाच्या मोहिमा निघतात. देशपातळीवरचा जनजागृती सप्ताहही १६ ते २२ ऑगस्टदरम्यान पाळला जातो. हेतू चांगला असतो, पण बहुतेक ठिकाणी दोन चुका होतात. जूनच्या पहिल्या पावसात उगवलेले गवत तोवर पांढऱ्या फुलांनी भरलेले असते आणि ते उपटणाऱ्यांचे हात उघडे असतात.

काँग्रेस गवत या नावानेही ओळखली जाणारी ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातली. भारतात ती ठळकपणे नजरेत आली ती १९५५च्या सुमारास, पुण्यात. परदेशी धान्यासोबत तिचे बी आले, असे मानले जाते. आज रस्त्याच्या कडा, मोकळे प्लॉट, शेताचे बांध, गायरान यांपैकी काहीच तिच्यापासून सुटलेले नाही.

उगवल्यानंतर चार ते सहा आठवड्यांत तिला फुले येऊ लागतात आणि एक जोमदार झाड हजारो बिया टाकते. वारा, पाणी, वाहनांची चाके, जनावरांचे खूर यांच्याबरोबर त्या पसरतात. काही बिया जमिनीत वर्षानुवर्षे जिवंत राहतात. म्हणूनच फुलोऱ्यानंतरची सफाई दिसायला छान असली, तरी पुढच्या वर्षाचे बी तोवर जमिनीत पडलेले असते. नुसती कापणीही उपयोगाची नाही. बुडख्यातून नवे धुमारे फुटतात.

दुसरा प्रश्न आरोग्याचा. या झाडात पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. त्याच्या वारंवार संपर्काने काहींना त्वचेची ॲलर्जी होते. पापण्या, मान, कोपराच्या खोबणी लाल होतात, खाज सुटते, कातडी जाड होते. परागकणांमुळे शिंका आणि दम्याचा त्रास बळावू शकतो. पहिल्यांदा हात लावल्यावर काहीच झाले नाही, म्हणून निर्धास्त राहता येत नाही. शरीर एकदा संवेदनशील झाले, की थोडासा संपर्कही पुरतो आणि त्रास अनेक वर्षे पाठ सोडत नाही. याचा सर्वाधिक फटका शेतकरी, शेतमजूर आणि सफाई कामगारांना बसतो.

जनावरे हे गवत सहसा टाळतात. पण चारा टंचाईत ते पोटात गेले, तर तोंड आणि आतड्यांना इजा होते, दुधाला कडवट चव येते. चाऱ्यात त्याचे प्रमाण फार वाढले, तर जनावर दगावूही शकते.

उपाय अवघड नाहीत. वेळ पाळणे अवघड आहे. पहिली फेरी जुलैच्या सुरुवातीलाच हवी. तेव्हा रोपे लहान आणि माती ओली असते. मुळासकट उपटणे सोपे जाते. त्यानंतर दर तीन आठवड्यांनी तीच जागा पुन्हा पाहायला हवी. फुलण्याआधी उपटलेले गवत कंपोस्टच्या खड्ड्यात टाकता येते. फुललेले मात्र टाकू नये. गायरानावर सरसकट तणनाशक मारल्यास चाऱ्याचे गवतही मरते आणि उघड्या पडलेल्या जमिनीवर गाजरगवतच आधी उगवते. त्यापेक्षा मोकळ्या जागेत टाकळ्याचे बी फेकणे शहाणपणाचे. तो दाट वाढून गाजरगवताला दाबतो. झायगोग्रामा हा मेक्सिकन भुंगाही पावसाळ्यात त्याची पाने फस्त करतो. १९८३मध्ये तो बंगळुरूला आणून, चाचण्यांनंतर सोडण्यात आला. तो जिथे दिसेल तिथे कीटकनाशक फवारू नये.

ग्रामपंचायती आणि नगरपालिकांनी म्हणूनच मोहिमेची तारीख आधी बदलावी. कामगारांना हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचे कपडे देणे हा खर्च नव्हे, कर्तव्य आहे. शाळकरी मुलांना तर उघड्या हातांनी या कामाला जुंपूच नये. त्यांना रोप ओळखायला शिकवावे, तेवढे पुरे. मोकळ्या प्लॉटच्या मालकांनाही जबाबदारीतून सूट नको. एकाने आपले अंगण साफ ठेवायचे आणि शेजारच्या प्लॉटमध्ये बी धरू द्यायचे, याला निर्मूलन म्हणत नाहीत.

ऑगस्टमधल्या छायाचित्रांपेक्षा जुलैतली चार तासांची मेहनत अधिक मोलाची आहे.