हौस कोणाची, सोय कोणाची?

आपण होऊन डोईजड ओझे उचलणाऱ्या मनुष्यास इंग्रज लोक ‘शिक्षेचा खादाड’ म्हणतात. मुष्टियुद्धाच्या रिंगणात ठोसे खाऊनही मागे न हटणाऱ्या गड्यावरून हा वाक्प्रचार रूढ झाला. आम्ही मराठी लोकही या बाबतीत मागे नाही. ‘घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणारा’ अशी त्या मनुष्याची संभावना आपल्याकडे नित्य होते. मात्र या विनोदाआड एक लबाडी दडलेली आहे, आणि तक्रार आहे ती तिच्याविषयी. भाकऱ्या भाजणारास लष्कर हसते खरे, पण भाकऱ्या खाण्याचे काही सोडीत नाही!

ग्रंथालयाचा चिटणीस वर्षानुवर्षे एकच असतो. वर्गणी त्यानेच गोळा करावी, फाटकी पुस्तके त्यानेच डकवावी, आणि सभासदांनी म्हणावे, ‘त्यांना हौसच आहे.’ घरातील सुनेविषयीही हेच ऐकू येते : ‘तिला स्वस्थ बसवतच नाही.’ एकदा हौस म्हटले, की कामाच्या वाटणीचा प्रश्न परस्पर मिटला.

इतिहासाचार्य राजवाडे यांचेच पाहा. गावोगाव हिंडून त्यांनी जुनी दप्तरे मिळविली, ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे 22 खंड सिद्ध केले, आणि शिवाय व्याकरण व व्युत्पत्ति यांचेही ओझे शिरावर घेतले. 31 डिसेंबर 1926 रोजी धुळे येथे त्यांचा देह पडला. त्यांचा धातुकोश प्रसिद्ध झाला तो त्यांच्या पश्चात. त्यांचा स्वभाव एकांडा होता, हे आम्हांस मान्य आहे. परंतु ते 22 खंड जसे एकाच्या उद्योगाचे माप आहेत, तसेच ते इतरांच्या स्वस्थतेचेही माप नव्हेत काय?

कोणी म्हणेल, असले उत्साही लोक दुसऱ्यास हात लावू देत नाहीत. यात तथ्य आहे. म्हणूनच वाटणी स्वभावावर न सोपविता वहिवाटीवर सोपवावी लागते. धुळ्याहून पश्चिमेस साक्रीकडे गेले म्हणजे याचा दाखला सापडतो. पांझरा व कान या नद्यांच्या काठी शतकानुशतके फडपद्धत चालत आली. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडावयाचे, एका फडात एकच पीक घ्यावयाचे, पाटकऱ्याने पाळीपाळीने पाणी द्यावयाचे, जागल्याने पीक राखावयाचे, आणि पाटातील गाळ मात्र सर्व हिस्सेदारांनी मिळून काढावयाचा. गाळ काढण्याची हौस कोणास आहे, असे तेथे कोणी विचारीत नसे. ज्याच्या शेतास पाणी, त्याच्या हाती फावडे! धरणे व विहिरी झाल्यावर ते फड पुष्कळ ठिकाणी मोडले. त्यांतील न्याय मात्र मोडीत काढण्याचे कारण नाही.

वाचकांस एवढीच विनंती, की ‘त्यांना हौसच आहे’ हे शब्द पुन्हा ओठांवर आले, तर ते गिळावे आणि विचारावे, ‘माझी पाळी केव्हा?’