आईचा प्रश्न आणि बेटावरची बोट



कुर्ल्याला आमच्या घरावरून दिवसभर विमाने जातात. इतकी खाली की पत्रा थरथरतो आणि बोलणारा माणूस क्षणभर गप्प होतो. आम्ही लहान असताना आई भांडी घासता घासता वर बघायची आणि म्हणायची, "त्यात बसल्याली माणसं हायेत, त्यांना आपलं घर दिसत आसंल का रं?" लोकांच्या घरची धुणीभांडी करून तिने आम्हा तिघा भावंडांना शिकवले. आता ती सत्तरीला आली. या प्रश्नाचे उत्तर तिला मिळालेच पाहिजे, असे आम्ही नवरा-बायकोने ठरवले आणि दिवाळीच्या सुट्टीत अंदमानला जायचे नक्की केले.

नातेवाईक म्हणाले, "आपल्यासारख्यांना कशाला ही थेरं?" लग्नात कर्ज काढून मांडव घालणारी माणसे आईच्या प्रवासाला उधळपट्टी म्हणतात! आम्ही कर्ज काढले नाही. पत्नीने दोन वर्षे भिशी लावली, मी बोनसला हात लावला नाही. पै-पैचा हिशेब वहीत आहे.

मुंबई ते चेन्नई एक विमान, तिथून पोर्ट ब्लेअरला दुसरे. या शहराचे नाव 2024 पासून श्री विजयपुरम झाले आहे. चेन्नईहून जहाजही जाते, पण त्याला सुमारे तीन दिवस लागतात. विमानाला दोन-सव्वादोन तास पुरतात. पुढे हॅवलॉक बेटावर, म्हणजे 2018 पासूनच्या स्वराज द्वीपावर, बोटीने जाता येते. सरकारी बोट अडीच तास घेते. खासगी बोट लवकर पोहोचते, पण तिकीट महाग. ओळखपत्र दोन्हीकडे लागते. आम्ही सरकारी बोट घेतली. बेटावरच्या लोकांची ती एस.टी.च आहे. भाजीच्या पाट्या, दवाखान्यातून परतणारे रुग्ण, कॉलेजची मुले, सगळे तिच्यातच. बोट लागू नये म्हणून डॉक्टरांना विचारून गोळी नेली होती. ती निघण्याआधी अर्धा तास घ्यायची. मळमळ सुरू झाल्यावर फारसा उपयोग होत नाही. आईला काही झाले नाही, मी मात्र गोळी विसरलो आणि अडीच तास पिशवी तोंडाशी धरून बसलो.

राहण्यासाठी घर भाड्याने घेताना फोटोवर भाळू नका. पहिल्या घराच्या फोटोत अंगणातच समुद्र होता. फोन करून खोदून विचारले तेव्हा कळले की समुद्र दोन किलोमीटरवर आहे आणि संडास भारतीय पद्धतीचा. आईचे गुडघे दुखतात. आगाऊ पैसे मागत होते, आम्ही दिले नाहीत. जेटीपासून अंतर किती, पाणी चोवीस तास असते का, स्वयंपाक करू देतात का, बोट रद्द झाली तर पैशाचे काय, हे चार प्रश्न आधी विचारावेत.

शेवटी एका बंगाली कुटुंबाच्या दोन खोल्या मिळाल्या. घरमालकीण आईच्याच वयाची. दोघींची हिंदी सारखीच मोडकी, त्यामुळे चांगली गट्टी जमली. तिचे सासरे फाळणीनंतर पूर्व बंगालातून निर्वासित म्हणून आले होते. 1949 पासून सरकारने अशा कुटुंबांना अंदमानात जमिनी देऊन वसवले. त्यांत नमःशूद्र समाजाची माणसे मोठ्या संख्येने होती. ही बाईही नमःशूद्रच. 1946 साली बाबासाहेब घटना समितीवर प्रथम निवडून गेले ते बंगालमधून, आणि त्यासाठी धडपडले ते याच समाजाचे जोगेंद्रनाथ मंडल. हे मी आईला सांगितले. ती काही बोलली नाही. उठली आणि मालकिणीच्या शेजारी मासे साफ करायला बसली.

तिथे घड्याळ मुंबईचेच, पण बेटे फार पूर्वेला. म्हणून पहाटेच उजाडते आणि नोव्हेंबरात पाचच्या सुमारास दिवस मावळतो. राधानगरच्या किनाऱ्यावर आई पायावर लाटा घेत उभी राहिली. मुलाने प्रवाळाचा तुकडा खिशात घातला होता, तो परत ठेवायला लावला. प्रवाळ उचलणे कायद्याने गुन्हा आहे.

परतायच्या दिवशी समुद्र खवळला आणि बोटी बंद झाल्या. जेटीवर एक कुटुंब रडकुंडीला आले होते. त्यांचे विमान त्याच दुपारी होते. चार माणसांची तिकिटे पाण्यात गेली. आमचे विमान दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होते. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने बजावले होते, "शेवटची रात्र बेटावर काढायची नाही, विमानतळाच्या गावी काढायची." त्या एका वाक्याने आम्हाला वाचवले. दुसऱ्या दिवशी सकाळची बोट सुटली आणि आम्ही वेळेत पोहोचलो. ऑक्टोबर ते डिसेंबर वादळाचे दिवस. जमत असेल तर जानेवारी ते एप्रिलमध्ये जावे, आणि केव्हाही गेलात तरी एक दिवस मोकळा ठेवावा.

रात्र चेन्नईत काढून सकाळच्या विमानाने निघालो. मुंबई जवळ आली तशी आईला खिडकीशी सरकवले. घाटकोपर मागे पडले, कुर्ल्याचे पत्रे आणि निळ्या ताडपत्र्या खालून सरकू लागल्या. आईने काचेला कपाळ टेकले.

"दिसतंय का गं?"

"दिसतंय की. घरं दिसत्यात." मग थोड्या वेळाने म्हणाली, "मानसं न्हाईत दिसत."

वाचकहो, आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या मनातही असा एखादा प्रश्न वर्षानुवर्षे पडून असेल. तो दरवेळी विमानाचाच असेल असे नाही. पण एकदा जवळ बसून विचारा. वहीत त्याच्यासाठी एक पान राखून ठेवा, आणि त्यांचे गुडघे चालताहेत तोवर ते पान भरा.