नखात मोजलेले प्रेम

ख्रिस्तोस निकू यांच्या ‘फिंगरनेल्स’ (२०२३) या विज्ञानचित्रपटात प्रेमी युगुलाची उपटलेली नखे यंत्रात घालून प्रेम तपासतात. आकडा १०० आला तर प्रेम परस्परांवर. ५० आला तर एकाचेच, पण कोणाचे ते यंत्र सांगत नाही! ‘टायमर’ (२००९) मध्ये तर मनगटावरचे घड्याळ जोडीदार कधी भेटेल ते दाखविते.

परदेशी कल्पनाविलास म्हणून यावर हसण्याचा अधिकार आम्हांला उरला आहे काय? हिंगोली जिल्ह्यातील साखऱ्यासारख्या गावातही मोबाइलमध्ये जन्मवेळ भरली की ३६ पैकी किती गुण जुळले ते क्षणात समजते. त्यांत एकट्या नाडीचेच ८. बेरीज १८ च्या खाली गेली की सोयरीक फिसकटते. शेजाऱ्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. आमच्यातीलही काही कुटुंबे फादरांच्या नकळत पत्रिका पाहतात आणि मग वेदीपुढे वचन द्यायला येतात.

यंत्र अचूक ठरले तरीही आमचा आक्षेप कायम राहील. ते फार तर आजची भावना मोजील. जे वचन अद्याप दिलेच गेले नाही, ते कसे मोजणार? ख्रिस्तसभेच्या कायदेसंहितेतील १०५७ वा नियम स्पष्ट आहे: विवाह उभयतांच्या संमतीने घडतो, आणि ती संमती त्यांच्या वतीने कोणतीही मानवी सत्ता देऊ शकत नाही. (संगणक तर सत्ताही नव्हे.) सुखात आणि दुःखात, आजारात आणि आरोग्यात सोबत राहण्याचा शब्द देणाऱ्याला पुढचे काही ठाऊक नसते, म्हणूनच त्या शब्दाला वजन आहे.

चौदा गुण आले म्हणून जिला नाकारले, त्या मुलीच्या घरी मुलाच्या वडीलधाऱ्यांनी स्वतः जावे आणि कारण तोंडाने सांगावे. मोबाइल पुढे करू नये.