आधी सिनेमा बघा, मग भांडा!

मुकुंदवाडीकरांनो, सिनेमावेड्या मित्र-मैत्रिणींनो,

नितेश तिवारींच्या ‘रामायण’चा पहिला भाग २०२६च्या दिवाळीत आणि दुसरा २०२७च्या दिवाळीत आणण्याची घोषणा झाली आहे. राजामौलींचा ‘वाराणसी’ही वाटेवर आहे. मुकुंदवाडी स्टेशनपासून चिकलठाणा एमआयडीसीपर्यंत टपरीटपरीवर एकच चर्चा: यशचा रावण कसा दिसणार, ग्राफिक्स जमणार की ‘आदिपुरुष’सारखं हसं होणार? उत्सुकता आम्हालाही आहे. पण सिनेमा कुणी पाहिलेला नसतानाच ‘लागू देणार नाही’ अशी स्टेटसं फिरतात. दुसरीकडे, हिरोला कुणी नावं ठेवली की चाहते थेट आई-बहिणीवर उतरतात. ‘वाराणसी’च्या कार्यक्रमात राजामौली हनुमंताबद्दल एक वाक्य बोलले, तर लगेच पोलिसांत तक्रार गेली.

आमचं म्हणणं सरळ आहे. नाही पटलं तर वाट्टेल तेवढी टीका करा. दुसऱ्याचं पाहणं आणि बोलणं बंद पाडण्याचा हक्क मात्र कुणालाच नाही.

देवादिकांचे सिनेमे आणि बंदी यांचं नातं जुनं आहे. १९२१ साली मुंबईत ‘भक्त विदुर’ निघाला. गोष्ट महाभारतातली, पण विदुराच्या डोक्यावर गांधीटोपी. इंग्रज सरकारने मद्रास आणि कराचीत त्यावर बंदी घातली. १९३५ साली ‘प्रभात’ने आपल्या पैठणच्या नाथमहाराजांवर सिनेमा काढला. नाव ठेवलं होतं ‘महात्मा’. सेन्सॉरच्या हरकतीमुळे ते ‘धर्मात्मा’ करावं लागलं. अस्पृश्याच्या घरी जेवले म्हणून ज्या नाथांना कर्मठांनी छळलं, त्यांच्यावरच्या सिनेमालाही तीनशेहून अधिक वर्षांनी साध्या नावासाठी मान तुकवावी लागली!

इंग्रज गेले, कात्री राहिली. नोव्हेंबर २०२२मध्ये ठाण्यात ‘हर हर महादेव’चा खेळ बंद पाडला गेला, प्रेक्षकाला मारहाण झाली. जानेवारी २०२५मध्ये ‘छावा’तलं लेझीमचं दृश्य सिनेमा लागण्याआधीच काढावं लागलं. चाहतेही मागे नाहीत. २०२३मध्ये ‘आदिपुरुष’ला वाईट म्हटलं म्हणून हैदराबादेत एकाला थिएटरबाहेर चोप मिळाला. त्याच सिनेमाच्या संवादांची लोकांनी मात्र अशी टर उडवली की निर्मात्यांना चालू सिनेमातले संवाद बदलावे लागले. प्रेक्षकाच्या तोंडात एवढी ताकद असताना हातात दगड कशाला?

मग बोलण्याला मर्यादाच नाही? आहे. राज्यघटनेच्या कलम १९(२)मध्ये ती लिहिलेली आहे: सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी वगैरे. मुद्दाम, दुष्ट हेतूने धर्माचा अपमान करणाऱ्यासाठी फौजदारी कायदाही आहे. ज्याला तसं वाटतं त्याने कोर्टात जावं. पण दंग्याची धमकी मिळाली म्हणून सिनेमा दाबता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९मध्येच रंगराजन खटल्यात बजावलं आहे. संरक्षण देणं हे सरकारचं काम आहे.

तरुणांनो, एक हिशोब करा. काचा फुटल्या की गुन्हा कुणावर दाखल होतो? पोलीस भरतीचं व्हेरिफिकेशन कुणाचं अडकतं? कोर्टाच्या तारखेसाठी कंपनीतला खाडा कुणाचा पडतो? तुमचा. आणि फ्लेक्सवर फोटो झळकतो भाऊंचा.

म्हणून आमच्या मागण्या:

१. सेन्सॉरने पास केलेल्या सिनेमाचा खेळ पोलिसांनी बंद पडू देऊ नये. शांततेने घोषणा देणाऱ्यांनाही अडवू नये.
२. थिएटरवाल्यांनी कुणाच्या एका फोनवर शो रद्द करू नये.
३. चाहत्यांनी टीकेला टीकेनेच उत्तर द्यावं. धमकी आणि शिवीगाळ नको.
४. विरोध करणाऱ्यांनी आधी सिनेमा पाहावा, मग चौकात सभा घ्यावी. आम्ही ऐकायला येऊ.

हे पत्रक पटलं तर शेजाऱ्याला द्या. नाही पटलं तर उलट पत्रक काढा. तेही वाटायला आम्ही तयार आहोत.

आपलेच,
मुकुंदवाडीतील काही प्रेक्षक