हाडाची माणसे

खुबा मोडलेला साठी-सत्तरीचा पुरुष रुग्णालयात आणला जातो, तेव्हा सोबतचे नातेवाईक बहुधा एकच हकीकत सांगतात : न्हाणीघरात पाय घसरला. हकीकत खरी असते, कारण मात्र दुसरेच असते. उभ्या उभ्या पडल्याने धडधाकट माणसाचा खुबा सहसा मोडत नाही. तो मोडतो, कारण हाडाच्या आतली वीण कित्येक वर्षे उसवत आलेली असते. ओली फरशी हे केवळ निमित्त. वैद्यक या व्याधीला ऑस्टिओपोरोसिस म्हणते, मराठीत ती अस्थिभंगुरता आणि घरगुती बोलण्यात हाडांचा ठिसूळपणा. त्याच घरगुती बोलण्यात तिला आणखी एक नाव चिकटले आहे : बायकांचा आजार. या दोन शब्दांनी आजवर किती पुरुषांना अंथरुणाला खिळवले आणि किती तिरड्या उचलायला लावल्या, याचा हिशेब आपल्या समाजाने कधी मागितलेला नाही.

आंतरराष्ट्रीय ऑस्टिओपोरोसिस फाउंडेशन जगापुढे मांडत आलेला आकडा असा की, पन्नाशीनंतर दर तीन स्त्रियांपैकी एकीचे आणि दर पाच पुरुषांपैकी एकाचे हाड या ठिसूळपणापायी मोडते. पाचांत एक हे प्रमाण ज्या समाजाला नगण्य वाटते, त्या समाजाच्या अंकगणिताची चिंता करावी लागेल. खुबा मोडणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी आहे, यात वाद नाही. परंतु खुबा मोडल्यानंतर वर्षभरात प्राण गमावण्याचे प्रमाण पुरुषांत अधिक आहे. मृत्यूही थेट हाडाने येत नाही. आधी शय्या, मग शय्याव्रण, छातीत कफ, न्यूमोनिया, पायाच्या रक्तवाहिनीतली गुठळी अशा पायऱ्यांनी तो येतो. दाखल्यावर शेवटच्या पायरीचे नाव लिहिले जाते आणि पहिली पायरी निर्दोष सुटते. 2011च्या जनगणनेत देशातील साठीपुढील नागरिक सुमारे 10 कोटी 40 लाख होते. या शतकाच्या मध्यापर्यंत दर पाच भारतीयांपैकी एक त्या वयाचा असेल. आज आपण ज्याकडे काणाडोळा करतो आहोत, ते उद्याचे गर्दीचे वॉर्ड आहेत.

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ सातारा जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी चौतीस वर्षे क्रीडाशिक्षक होते. वय 67. तालमीच्या लाल मातीत वाढलेले, ज्याला हाडाचा शिक्षक म्हणावे असे. गेल्या वर्षी ते एसटीच्या शेवटच्या बाकावर बसून पुण्याला निघाले. रंग उडालेल्या एका गतिरोधकावर गाडी उधळली, सर वीतभर उंच फेकले गेले, बाकावर आदळले आणि पाठीतून कळ गेली. तिला त्यांनी चमक ठरवले. मग बाम झाला, विटेचा शेक झाला, मालीश झाले, पाठीवर पाय देऊन मणका बसवून देणारा एक जाणकारही झाला. यात चार महिने गेले. दरम्यान सदरा पुढून लांब पडू लागला, तर सरांनी शिंप्याला बोल लावला. फडताळाच्या वरच्या फळीवरचा डबा हाताला येईना, तर सुनेने जागा बदलली असे ठरवले. अखेर क्ष-किरण प्रतिमेत दोन मणके पाचरीसारखे चेपलेले दिसले. डॉक्टरांनी त्यांना भिंतीला टेकून उभे केले : सेवापुस्तकात नोंदलेल्या उंचीपेक्षा साडेचार सेंटिमीटर कमी.

हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीसाठी ते शहरातील एका केंद्रात गेले. तिथे भरून द्यायच्या कागदावर एक प्रश्न छापलेला होता : पाळी कोणत्या वर्षी थांबली? सरांनी त्यापुढे रेघ ओढली आणि मान खाली घालून कागद परत दिला. अहवालात टी-स्कोअर उणे 3.4 आला, उणे 2.5 किंवा त्याखाली गेला की अस्थिभंगुरता. सरांचा पहिला प्रश्न होता, ‘अहवाल बदलला तर नाही ना? हा कुण्या बाईंचा असेल.’ दुसरे वाक्य विधान होते, ‘आमची जुनी हाडं आहेत डॉक्टर, घरच्या दुभत्याची.’ त्यानंतर सहा आठवडे त्यांनी गोळीच घेतली नाही. गावात सांगितले, मणक्यात गॅप आहे. मणक्यात गॅप असणे हे पुरुषाला शोभणारे दुखणे आहे. त्यात ओझे वाहिल्याचा, कष्टाचा, मर्दुमकीचा सुगंध आहे. हाडे ठिसूळ झाली म्हणायचे तर आपण आपल्या आजीच्या पंगतीला जाऊन बसलो, असे वाटते.

ही एका माणसाची भीड म्हणून सोडून देता येणार नाही. तिच्यामागे आपली भाषा उभी आहे. अस्सल असतो तो हाडाचा कार्यकर्ता, हाडाचा शेतकरी. संसारासाठी हाडे झिजवतो तो कर्ता पुरुष. पुरुषाचे सारे सत्त्व हाडात आहे असे मानणाऱ्या समाजात, ते हाडच आतून पोकळ झाले आहे हे ऐकणे म्हणजे केवळ रोगनिदान नसते, ते पदच्युतीचे फर्मान असते. आणि इतका अस्थिगौरव करणाऱ्या या समाजाला पुरुषाच्या अस्थींची प्रत्यक्ष आठवण होते ती तिसऱ्या दिवशी, सावडताना.

रोगाचा बायकी शिक्का वैद्यकानेही काही काळ वागवला, हे मान्य केले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने 1994 साली टी-स्कोअरचे निकष ठरवले, ते पाळी थांबलेल्या गोऱ्या स्त्रियांच्या मोजमापांवरून. औषधांच्या आरंभीच्या मोठ्या चाचण्याही स्त्रियांवरच झाल्या. परंतु अॅलेंड्रोनेट हे औषध पुरुषांच्या हाडांची घनताही वाढवते, हे 241 पुरुषांवरील अभ्यासातून 2000 साली प्रसिद्ध झाले. म्हणजे अज्ञानाचा बहाणा संपून पाव शतक उलटले. पाळी थांबल्यावर स्त्रीचे हाड काही वर्षे झपाट्याने झिजते, पुरुषाचे संथपणे. पासष्टी-सत्तरीला दोघांचा झिजण्याचा वेग सारखा होतो. निसर्गाने दिलेली ही दहा-पंधरा वर्षांची सवलत आपण प्रतिबंधासाठी वापरायची होती. आपण ती विस्मरणासाठी वापरली.

शिवाय पुरुषाचे हाड अनेकदा आपसूक झिजत नाही, ते झिजवले जाते. रुग्ण पुरुष असेल तर झिजेमागे दुसरे कारण सापडण्याची शक्यता मोठी, म्हणून ते शोधावेच लागते : विडी-सिगारेट, दारू, घटलेले टेस्टोस्टेरॉन, अतिक्रियाशील थायरॉइड, मूत्रपिंडाचा विकार, वर्षानुवर्षे चाललेली फिटच्या काही औषधांची मात्रा. प्रोस्टेटच्या कर्करोगात पुरुषी संप्रेरक रोखणारी इंजेक्शने देतात किंवा वृषणे काढतात; जीव वाचतो, हाड मात्र वेगाने विरळ होते. त्या रुग्णांपैकी कितीजणांना कुणी सांगितले की आता मणके सांभाळा? आणि या साऱ्यांत सर्वाधिक बेदरकारीने वापरले जाणारे द्रव्य म्हणजे स्टेरॉइड. दमा, संधिवात, त्वचाविकार यांत ते प्राणरक्षक आहे, हे निर्विवाद. पण तीन महिन्यांहून अधिक काळ पोटात गेले की हाडाचे संरक्षण हा उपचाराचाच भाग ठरतो. आमच्या या शिक्षकांना दम्याचा त्रास जुना. बारा वर्षे ते एका गावच्या वैदूकडून पुडी आणत. पुडी घेतली की तासाभरात छाती मोकळी, भूक दुप्पट, चेहरा टवटवीत. मुळ्यांच्या चूर्णाचा असा चमत्कार होत नसतो. पुडीत काय होते हे कुणी तपासले नाही. मात्र असल्या जादूच्या पुड्यांत स्टेरॉइड दळून मिसळलेले असते, हे औषध प्रशासनाला ठाऊक नाही असे मानणे हा त्या खात्याचा अपमान होईल. आठवडी बाजारात, जत्रेत, बसस्थानकाच्या भिंतीला टेकून या पुड्या उघडपणे विकल्या जातात. हाडे पोखरण्याचा एवढा निर्वेध परवाना वाळवीलाही मिळालेला नाही.

आहाराविषयी थोडक्यात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2020 साली प्रौढ पुरुषासाठी कॅल्शियमची शिफारस दिवसाला 1000 मिलिग्रॅमवर नेली. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम असते. तिची भाकरी आपण गरिबाची म्हणून ताटातून उठवली आणि आता तिचीच बिस्किटे चौपट दराने आणतो. ऊन मुबलक असूनही ड जीवनसत्त्वाची वाण आहे, कारण दिवस कचेरीच्या भिंतींत जातो. तरी एक गैरसमज इथेच खोडून काढावा लागेल : मणका चेपल्यावर दूध आणि नाचणी पुरेशी होत नाही. पाया म्हणून ती हवीच, पण भेगाळलेली भिंत नुसत्या पायाने सांधली जात नाही.

आता शासनाच्या दाराशी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या योजनांनी शस्त्रक्रियेचा भार गरिबाच्या खांद्यावरून उतरवला, हे त्यांचे ऋण आहे. 2024पासून सत्तरीपुढील प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, आयुष्मान भारतचे छत्र मिळाले. परंतु या योजनांची दृष्टी मुख्यतः खाटेवर खिळलेली आहे. रुग्ण दाखल झाला की सरकार जागे होते. खुबा मोडला की सळई मिळेल, गोळा बदलून मिळेल. खुबा मोडू नये म्हणून लागणारी डेक्सा तपासणी आणि दर आठवड्याची गोळी मात्र खिशातून. ही गोळी भारतीय कंपन्या बनवतात, ती फार महागही नाही. वर्षातून एकदा शिरेतून देण्याचे झोलेड्रॉनिक आम्लही उपलब्ध आहे. मोडल्यावर लाख देणारे आणि मोडण्याआधी शंभर नाकारणारे हे अर्थशास्त्र ज्या कुणी रचले, त्याने घराला कुलूप लावण्यापेक्षा चोरी झाल्यावर पंचनाम्याची सोय उत्तम ठेवली आहे.

त्याहून गंभीर चूक शस्त्रक्रियेनंतर होते. सळई घालून घरी पाठवलेल्या पुरुषाच्या कार्डावर वेदनाशामक असते, कॅल्शियम असते, टाके काढण्याची तारीख असते. हाड मुळात का मोडले याविषयी बहुतेक वेळा अवाक्षर नसते. अस्थिशल्यविशारद म्हणतात, आमचे काम झाले. फिजिशियन म्हणतात, आमच्याकडे पाठवलेच नाही. दोघांच्या मधल्या व्हरांड्यात रुग्ण हरवतो आणि वर्षा-दोन वर्षांत दुसरा खुबा घेऊन परत येतो. ग्लासगोच्या रुग्णालयांनी 1990च्या दशकाच्या अखेरीस यावर साधा तोडगा काढला : पन्नाशीपुढील प्रत्येक अस्थिभंगाची नोंद घेऊन, त्या रुग्णाची घनता तपासून, उपचार सुरू होईपर्यंत पाठपुरावा करणारी परिचारिका. त्या व्यवस्थेला लागले ते एक टेबल, एक वही आणि जबाबदारी. महाराष्ट्रातील प्रत्येक जिल्हा रुग्णालयात यांपैकी पहिल्या दोन वस्तू आहेत.

हे झाले नाही तर काय होईल, याचे भाकीत करायला ज्योतिषी नको. एकट्या-दुकट्या वृद्धांच्या घरांत पडलेला पुरुष उचलणारे हात उरलेले नाहीत; मुले पुण्यात, बंगळुरूत, बोस्टनमध्ये. मग सत्तरीची पत्नी, जिची स्वतःची हाडे शंकास्पद, ती त्याला कुशीवर वळवणार, भांडे देणार, उचलताना स्वतःचा मणका चेपून घेणार. एका खाटेच्या दोन होतील. शेतात राबणाऱ्याचा खुबा मोडला तर जमिनीचा तुकडा गहाण पडेल, नातीचे शिक्षण थांबेल, आणि योजनेच्या कागदावर तो मात्र यशस्वी शस्त्रक्रिया म्हणून नोंदला जाईल.

सर आता सोमवारी पहाटे उपाशीपोटी ती गोळी पेलाभर पाण्याबरोबर घेतात. त्यानंतर अर्धा तास आडवे व्हायचे नाही, काही खायचे नाही. तो अर्धा तास ते ओसरीवर येरझाऱ्या घालतात. पुढे वाकणे बंद, म्हणून सूर्यनमस्कार गेले. निदानापेक्षा हेच त्यांना अधिक लागले. एसटीत ते मधल्या बाकासाठी भांडतात. भाद्रपदात घरचा गणपती पाटासह डोक्यावर घेऊन नदीपर्यंत नेण्याचा मान चाळीस वर्षे त्यांचा होता. यंदा मूर्ती मुलाने उचलली. शेजाऱ्यांनी विचारले तेव्हा सरांनी मणक्यातल्या गॅपचे नाव घेतले नाही. झांज वाजवत मागून चालता चालता म्हणाले, ‘हाडं ठिसूळ झालीत. तुम्हीही तपासून घ्या.’ चौघांनी हसून विषय बदलला.

20 ऑक्टोबरला जागतिक ऑस्टिओपोरोसिस दिन येईल. ठिकठिकाणी शिबिरे भरतील, फलकावर प्रौढ स्त्रीचे हसरे छायाचित्र असेल, टाच यंत्रात ठेवून मोफत तपासणी होईल. स्त्रियांची रांग असेल आणि ती असायलाच हवी. बाहेरच्या बाकावर पत्नीची पर्स मांडीवर सांभाळत, जरा पोक काढून बसलेला एक नवरा असेल. आरोग्य खात्याने यंदा त्याला आत बोलवावे आणि आधी त्याची उंची मोजावी.