फड फुटतो तेव्हा

खेळाच्या संघातून प्रशिक्षक बाहेर पडतो तेव्हा मागे संघ उरतो. अलेक्स फर्ग्युसन 1986 पासून 2013 पर्यंत मँचेस्टर युनायटेडचे सर्वेसर्वा होते. ते गेले, क्लबचे नाव तेच राहिले. आपल्याकडे चंद्रकांत पंडित यांनी मुंबईला रणजी करंडक जिंकून दिला, पुढे विदर्भाला दोनदा, आणि 2022 च्या अंतिम सामन्यात मध्य प्रदेशाला घेऊन मुंबईलाच हरवले. प्रत्येक वेळी माणूस निघाला आणि संघ आपल्या जागी राहिला. या व्यवस्थेत निरोपाला एक भाषा असते. करार संपतो, निवेदन निघते, वृत्तपत्रांत लेख येतात.

तमाशाच्या फडाचे तसे नाही. तिथे फड चालवणारा निघाला तर फड 'फुटतो'. हे क्रियापद नीट पाहण्यासारखे आहे, कारण आपण तेच घरालाही लावतो. माझे म्हणणे असे की मराठी समीक्षेने तमाशाचा गण, गवळण, बतावणी, वग हे सारे तपासले. पण फड फुटण्याकडे तिने घरगुती भांडण म्हणून पाहिले आणि दृष्टी फिरवली. वस्तुतः या कलेचा इतिहास जितका तिच्या संहितांत आहे, तितकाच या फुटींत आहे.

तमाशापंढरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जुन्नर तालुक्यातील नारायणगावात गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात. जुन्नर-आंबेगावच्याच नव्हे, दूरदूरच्या गावांतील यात्रा समित्यांची माणसे तिथे सुपारी ठरवायला येतात. राहुटीत बसतो तो मालक किंवा त्याचा मॅनेजर. वगातला राजा त्या वेळी कुठे असतो, हे कोणी विचारत नाही. हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि उन्हाळ्यातल्या यात्रा संपल्या की आटोपतो. हंगामापूर्वी कलावंत मालकाकडून उचल घेतात. मालकाने ती बहुधा स्वतः व्याजाने आणलेली असते. म्हणजे फडाला बांधून ठेवणारी दोरी प्रथमतः कर्जाची असते. कलावंताला फड सोडायचा तर आधी उचल फेडायला हवी, नाहीतर नव्या मालकाने ती फेडून त्याला न्यायला हवे. अशा ठिकाणी 'तो फड सोडून गेला' हे वाक्य दिसते तितके साधे नसते.

आणि मालकच गेला, किंवा गेल्यासारखा झाला, तर?

कांताबाई सातारकरांचे उदाहरण घ्या. त्यांचा फड संगमनेरचा, परंतु नारायणगावच्या राहुट्यांत त्याचीही राहुटी असते. तुकाराम खेडकरांच्या फडात त्या प्रमुख स्त्री-कलावंत होत्या आणि त्यांची पत्नीही. 1964 मध्ये तुकारामांचे निधन झाले आणि कांताबाईंना त्याच फडातून बाहेर पडावे लागले. ज्या रंगमंचावर त्यांच्या नावाने गर्दी होत होती, त्या रंगमंचाच्या एका फळीवरही त्यांचा हक्क नव्हता. काही वर्षांनी त्यांनी स्वतःचा फड उभा केला. त्याचे नाव काय ठेवले? 'तुकाराम खेडकर सह कांताबाई सातारकर'. दिवंगत माणसाचे नाव पुढे आणि ज्या बाईच्या कष्टावर फड उभा, तिचे 'सह'नंतर. मुलगा हाताशी आल्यावर पाटी झाली 'रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर'. पुढचे नाव बदलले, कांताबाई दोन्ही वेळा 'सह'च्या पलीकडेच राहिल्या. व्याकरणात हे अव्यय आहे. फडाच्या पाटीवर मात्र ते कधी वारसाहक्काचे काम करते, कधी भागीदारीचे, आणि कधी एकट्या बाईला बाजारात उभे राहता यावे म्हणून घेतलेल्या आडोशाचे. शैलीविज्ञानाचे प्रबंध लिहिणाऱ्यांनी या एका शब्दावर वेळ घालवायला हरकत नाही.

खुद्द नारायणगावकरांची पाटी तर अधिकच बोलकी. 'भाऊ-बापू मांग नारायणगावकर' : दोन भाऊ, जात आणि गाव. भाऊंची कन्या विठाबाई याच परंपरेत वाढली आणि 'विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर' या नावाने तिने स्वतंत्र फड चालवला. चुलत्याचे नाव गळले, वडिलांचे राहिले. जात आणि गाव तसेच. विठाबाईंची कन्या मंगला बनसोडे यांनी पुढे वेगळा फड उभारला तेव्हा पाटीवर सासरचे आडनाव आणि करवडीकर ही सासरच्या गावाची ओळख आली, शिवाय 'सह नितीनकुमार', म्हणजे मुलगा. तीन पिढ्यांच्या या तीन पाट्या एकाखाली एक लिहून पाहाव्यात. कोण कोणापासून कसे वेगळे झाले, याचा अर्धा इतिहास तिथेच हाती लागतो.

विठाबाईंविषयी मात्र आपण एकच कथा पुनःपुन्हा सांगतो. भरल्या दिवसांत त्या नाचत होत्या, कळा आल्या, त्या पडद्यामागे प्रसूत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या. ही कथा आपल्याला प्रिय आहे, कारण ती फड न सोडणाऱ्या बाईची आहे. तिच्या निष्ठेला आपण दाद देतो. त्या दिवशी खेळ थांबवणे तिला परवडले असते का, हा प्रश्न दाद देणाऱ्याला पडत नाही. 1957 आणि 1990 अशी दोनदा राष्ट्रपती पुरस्काराची मोहोर उमटलेल्या या कलावतीचे 15 जानेवारी 2002 रोजी निधन झाले, तेव्हा रुग्णालयाचा खर्च देणग्यांतून भागवावा लागला. 2006 पासून तिच्या नावाने शासनाचा जीवनगौरव पुरस्कार आहे. योगिराज बागूल यांनी तिचे चरित्र लिहिले, हे आपले भाग्य. पण वय झालेल्या फडप्रमुखाने फडातून बाहेर कसे पडावे, बाहेर पडताना त्याच्या हाती काय असावे, याची कोणतीही रीत आपण घडवली नाही. खेळाडूला निवृत्ती असते, शिक्षकाला असते. फडप्रमुखाला एकतर रंगमंच असतो किंवा खाट.

पठ्ठे बापूराव आणि पवळा यांचा विलग होण्याचा प्रसंग मराठी वाचकाला ठाऊक आहे, असे कोणी म्हणेल. ठाऊक आहे, पण प्रेमभंग म्हणून. कुलकर्णी घराण्यातला शाहीर आणि महार समाजातली नर्तकी यांच्या दुराव्यात फडाच्या उत्पन्नाचा, श्रेयाचा आणि नावाचा हिशेबही होता, हे त्या करुणरम्य कथनात बुडून जाते. (रोमँटिक समीक्षेला हिशेबाच्या वहीचे एवढे वावडे का असावे, हा वेगळाच विषय.)

फुटीला ऱ्हास समजण्याची सवयही सोडायला हवी. एका फडातून दुसरा निघतो तेव्हा वग जातात, चाली जातात, ढोलकीचा बाज जातो. घराण्यातून शिष्य बाहेर पडला की संगीताचे समीक्षक त्याला विस्तार म्हणतात, इथे मात्र 'भाऊबंदकी' म्हणून मोकळे होतात. हा भेद कलेचा नसून जातीचा आहे, असे मला स्पष्टपणे वाटते. अर्थात विस्तार म्हटल्याने उचलीत अडकलेल्या सोंगाड्याचे किंवा वाटणीत कोणीच न विचारलेल्या नर्तकीचे दुःख कमी होत नाही. म्हणून दोन्ही गोष्टी एकाच वेळी लिहिल्या गेल्या पाहिजेत.

त्यासाठी लागणारी साधने फार दूर नाहीत. जुनी हँडबिले, रंगवलेल्या पाट्या, सुपारीच्या पावत्या, उचलीच्या वह्या. 2020 मध्ये यात्रा रद्द झाल्या आणि फड बसून राहिले, तेव्हा अनेकांच्या घरांतील पेट्या प्रथमच नीट उघडल्या गेल्या असतील; त्यातले काय उरले, काय रद्दीत गेले, हे कोणी विचारायला गेले नाही. नारायणगाव, मंचर, घोडेगाव, जुन्नर येथे महाविद्यालये आहेत, त्यांत मराठीचे विभाग आहेत आणि दरवर्षी प्रकल्पासाठी विषय शोधणारी मुलेही आहेत. पाडव्याच्या आठवड्यात त्यांनी राहुट्यांमधून एक फेरी मारावी आणि सुरुवात पाट्यांवरची नावे उतरवून घेण्यापासून करावी. नावांचा क्रम मात्र जसाच्या तसा ठेवावा.