फोर व्हील ड्राइव्हवाल्यांनो, चेन लावायला शिका!

डिसेंबर उजाडला की बे एरियातल्या देसी पॉटलकमध्ये हा संवाद हमखास कानावर पडतो.

"लाँग वीकेंडला टाहो ना? चेन घेतल्यास का रे?"

"आपल्याला काय गरज? आपली फोर व्हील आहे!"

हे म्हणणाऱ्याचा चेहरा बघावा. जणू गराजमध्ये ऐरावत बांधलाय! मी हे अधिकाराने लिहितोय, कारण काही वर्षांपूर्वी मीही तोच चेहरा घेऊन फिरत होतो.

मंडळी, मुद्दा साधा आहे. फोर व्हील ड्राइव्ह इंजिनाची ताकद चारही चाकांना वाटते. त्याने गाडी बर्फातून सुटते, चढ चढते. बास. ब्रेक साध्या सेडानलाही चारही चाकांवरच असतात. थांबायचं काम टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणाचं, आणि घर्षणाला तुमच्या डिकीवरचा बॅज वाचता येत नाही. बारावीचं फिजिक्स आठवा: वेगाचा वर्ग भागिले दोन म्यू जी. ताशी ३० मैल वेग, कोरडा रस्ता, म्यू ०.७ धरा, गाडी १३ मीटरमध्ये थांबते. दाबून बसलेल्या बर्फावर म्यू ०.२, म्हणजे ४६ मीटर. निसरड्या आइसवर ०.१ धरलात तर ९२ मीटर! आणि यात तुमचा पाय ब्रेकवर पोचेपर्यंतचं अंतर धरलेलंच नाही.

खरी गोम पुढे आहे. टू व्हील ड्राइव्हवाल्याला चढावरच कळतं की रस्ता निसरडा आहे, कारण त्याची चाकं जागच्या जागी फिरतात. आपल्याला ते कळतच नाही. आपण ऐटीत वर जातो आणि रस्ता कसा आहे हे उतारावर समजतं.

मला ते हायवे ५० वर समजलं. एको समिट ओलांडून मायर्सकडे उतरताना. चेकपॉइंटवर माझी फोर व्हील आणि टायरवरचं एम प्लस एस बघून मला पुढे सोडलं होतं. एका वळणाआधी ब्रेक दाबला, एबीएस पायाखाली कडकड करायला लागलं, आणि गाडी आपली सरळ चाललीच आहे. मागे चार वर्षांची लेक गाणं म्हणत होती. बायको फक्त एवढंच म्हणाली, "अरे, थांबव ना." नशिबाने उजवीकडे नांगराने ढकललेला बर्फाचा ढीग होता, त्यात नाक खुपसून गाडी थांबली. कुणाला काही झालं नाही. चेन डिकीत होत्या. सीलबंद. वर सेलोटेपने पावती चिकटवलेली, कारण न वापरता परत करायचा बेत होता!

माझा राग आहे तो या पावतीवर. आपण चेन टोलच्या पासासारख्या विकत घेतो. कॅलिफोर्नियात आर-टू असताना फोर व्हीलला चारही स्नो-ट्रेड टायर असतील तर चेन लावायची सक्ती नाही, पण गाडीत बाळगणं सक्तीचं आहे. आर-थ्री लागलं तर कुणालाच सूट नाही (बहुतेक वेळा त्याआधी रस्ताच बंद करतात). आपण यातलं फक्त "सक्ती नाही" एवढंच वाचतो. एरवी रिक्वायरमेंट डॉक्युमेंटचा कीस पाडणारे आपण!

आता घ्यायच्या कुठल्या? आधी गाडीचं मॅन्युअल उघडा. बऱ्याच आजच्या एसयूव्हींमध्ये टायर आणि सस्पेन्शन यांच्यात जागा इतकी कमी असते की जाड कड्यांच्या चेन आत घासतात. तिथे क्लास एस लिहिलेल्याच घ्यायच्या. केबलवाल्या स्वस्त आणि सुटसुटीत, पण शिडीसारख्या आडव्या असल्याने आइसवर पकड बेताची. डायमंड नक्षीच्या महाग, पण त्यांचा काही ना काही भाग सतत रस्त्याला टेकलेला असतो, म्हणून वळणावरही धरतात. मी त्याच घेतल्या. कापडी मोजे चढवायला सगळ्यात सोपे, मात्र उघड्या डांबरावर लवकर फाटतात. साइज टायरच्या कडेवर लिहिलेला असतो, २२५/६५ आर १७ असा काहीतरी. टायर बदलले असतील तर तो पुन्हा वाचा.

एकच जोडी असेल तर कुठल्या चाकांना, हे मॅन्युअल सांगेल तसंच. पण फक्त पुढे लावल्या तर उतारावर मागची बाजू फिरू शकते, फक्त मागे लावल्या तर स्टिअरिंग ऐकत नाही. माझं स्पष्ट मत: मॅन्युअलची हरकत नसेल तर दोन जोड्या घ्या. स्की पास काढताना आपण कुठे हिशेब करतो?

आणि भाड्याची गाडी असेल तर करार वाचा, अनेक करारांत चेन लावायला मनाई असते.

"तिथे पैसे घेऊन लावून देणारे असतात की!" असतात, चेकपॉइंटपाशी. तुम्ही घसराल त्या वळणावर नसतात. तिथे अंधार, ओले हातमोजे आणि तुम्ही. पहिल्यांदा मला ४० मिनिटं लागली, तीही घरी, कोरड्या ड्राइव्हवेत. आता १२ लागतात. थोडं अंतर गेल्यावर उतरून पुन्हा ताणायच्या, हेही तेव्हाच कळलं.

येत्या शनिवारी दुपारी माझ्या ड्राइव्हवेत पुन्हा सराव आहे. आपापली गाडी, चेन आणि गुडघ्याखाली घ्यायला जुनी सतरंजी आणा. चहा माझ्याकडे. पावती तेवढी घरी ठेवून या :)